जहाजात शिरणारे समुद्राचे पाणी आणि त्याची देखभाल

कोल्हापूर हे काही समुद्राकाठचे गाव नव्हे. समुद्र पाहायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठावी लागते, नाही तर गगनबावड्याहून करूळचा किंवा भुईबावड्याचा घाट उतरावा लागतो. तरीही मेकॅनिकलची पदवी घेऊन व्यापारी जहाजांवर इंजिनिअर म्हणून जाणारी मुले आता आपल्या जिल्ह्यातही दिसतात आणि "पोरगं बोटीवर असतंय" हे वाक्य पूर्वीइतके नवलाचे राहिलेले नाही. मात्र बोटीवर तो मुलगा नेमके काय करतो, हे घरच्यांना विचारले तर नीट सांगता येत नाही. सुकाणू, होकायंत्र आणि वादळ यांच्यापुढे बहुतेकांची कल्पना जात नाही. इंजिन रूममधल्या कनिष्ठ इंजिनिअरच्या दिवसाचा बराच भाग प्रत्यक्षात पाण्याच्या मागे जातो. इंजिने थंड ठेवण्यासाठी जहाजाच्या बाहेरून सतत आत घेतले जाणारे समुद्राचे पाणी, एवढ्यापुरताच हा लेख आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांनाही त्यात आपल्या कामाचे काही सापडेल.

मोठ्या व्यापारी जहाजाचे मुख्य इंजिन बहुधा संथ गतीचे, टू-स्ट्रोक डिझेल इंजिन असते. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांत ते फार काटकसरी समजले जाते, तरीही जाळलेल्या इंधनातील सुमारे निम्मीच ऊर्जा प्रोपेलर फिरवण्याच्या कामी येते. सुमारे पाव हिस्सा धुराबरोबर निघून जातो आणि जवळपास तेवढाच हिस्सा इंजिनात भरली जाणारी हवा, सिलिंडरभोवतीचे पाणी आणि वंगणाचे तेल थंड करताना बाहेर काढावा लागतो. म्हणजे १०,००० किलोवॅटचे इंजिन पूर्ण जोरात चालत असेल, तर साधारण ५,००० किलोवॅट इतकी उष्णता पाण्याने वाहून नेली पाहिजे. समुद्राचे पाणी आत येताना आणि बाहेर जाताना त्याच्या तापमानात १० अंशांचा फरक धरला, तर यासाठी ताशी सुमारे ४५० घनमीटर, म्हणजे साडेचार लाख लिटर पाणी लागते. वीज बनवणारी जनरेटर इंजिने आणि वातानुकूलन यांचे पाणी वेगळेच. हा प्रवाह काही मिनिटे जरी खंडला, तरी तापमानाचे अलार्म वाजू लागतात, इंजिनाची गती आपोआप कमी केली जाते आणि शेवटी इंजिन बंद पडते. भर समुद्रात त्याने फारसे बिघडत नाही. अरुंद खाडीत, दोन्ही बाजूंना वाहतूक असताना बिघडते.

पूर्वी समुद्राचे खारे पाणी प्रत्येक कूलरमधून थेट फिरवले जाई. आता बहुतेक जहाजांवर मधे गोड्या पाण्याचे बंद चक्र असते. इंजिन, तेल आणि हवा यांची उष्णता हे गोडे पाणी घेते आणि 'सेंट्रल कूलर' नावाच्या एका मोठ्या कूलरमध्ये ती समुद्राच्या पाण्याला देते. या रचनेचा मोठा फायदा असा, की खारे पाणी, त्याच्यामुळे होणारे गंजणे आणि त्याच्याबरोबर येणारी घाण हे सगळे थोड्या नळ्या, दोन-तीन पंप आणि एक-दोन कूलर यांच्यापुरतेच मर्यादित राहते. समुद्राचे पाणी ३२ अंश सेल्सिअसपर्यंत असेल आणि गोडे पाणी ३६ अंशांना मिळेल, असे धरून ही व्यवस्था सहसा आखलेली असते. फरक अवघा चार अंशांचा आहे. इराणच्या आखातात उन्हाळ्यात समुद्रच ३२ अंशांच्या वर जातो, तेव्हा कूलरमधील थोडीशी घाणही लगेच जाणवते.

पाणी आत कसे येते

जहाजाच्या तळाजवळ, पाण्याच्या पातळीखाली, कवचाला आतल्या बाजूने एक पोलादी पेटी जोडलेली असते. तिला सी चेस्ट म्हणतात. तिच्या बाहेरच्या तोंडावर जाळी असते आणि त्या जाळीची मोकळी जागा आतल्या व्हॉल्व्हच्या तोंडाच्या किमान दुप्पट असावी, असा वर्गीकरण संस्थांचा, म्हणजे जहाजांच्या बांधणीचे नियम ठरवून तपासणी करणाऱ्या संस्थांचा, नियम आहे. कारण जाळी थोडीफार बुजली तरी पाणी कमी पडू नये आणि जाळीपाशी पाण्याची ओढ फार जोराची होऊ नये. पेटीच्या आतल्या बाजूला जहाजाच्या कवचाला घट्ट बसवलेला मुख्य व्हॉल्व्ह असतो. त्यानंतर स्ट्रेनर, म्हणजे आत छिद्रांची टोपली असलेले मोठे भांडे, मग स्ट्रेनरपलीकडचा दुसरा व्हॉल्व्ह, मग पंप, कूलर आणि शेवटी पाणी पुन्हा समुद्रात सोडणारा ओव्हरबोर्ड व्हॉल्व्ह असा मार्ग आहे. पंचगंगेवर ज्यांची उसासाठी उपशाची मोटर आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल: नदीत सोडलेल्या फूट व्हॉल्व्हच्या जाळीत जलपर्णी अडकली की जे होते, तेच जहाजावरही होते. फरक इतकाच, की शेतकऱ्याचा पंप नदीच्या पातळीच्या वर असतो आणि जहाजाचा पंप समुद्राच्या पातळीच्या कित्येक मीटर खाली. शेतकऱ्याने पाइप सोडला तर पाणी यायचे थांबते. जहाजावर सोडला तर ते यायला लागते. पुढच्या सगळ्या काळजीचे मूळ या फरकात आहे.

सी चेस्ट किमान दोन असतात, एक तळाशी आणि एक कुशीला, थोडी उंचावर. खोल समुद्रात तळाची वापरतात, कारण जहाज रिकामे असताना किंवा लाटांवर डोलताना वरच्या पेटीचे तोंड पाण्याबाहेर डोकावू शकते आणि पंप हवा ओढू लागतो. बंदरात आणि उथळ पाण्यात उलट करायचे असते. तळाच्या पेटीतून गाळ आणि वाळू येते. मुंबई, कांडला, आणि हुगळीतून जावे लागणारी हल्दिया व कोलकाता ही बंदरे गढूळ पाण्याची आहेत. टगबोटी जवळ येऊन जहाजाला ढकलू लागल्या, की त्यांच्या प्रोपेलरने तळाचा चिखल आणखी ढवळला जातो. म्हणून पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, जहाजावर चढण्याच्या आधीच वरच्या सी चेस्टवर जायचे, बदल करताना दोन्ही पेट्या काही वेळ एकदम उघड्या ठेवायच्या, पंपाचा दाब स्थिर आहे हे पाहायचे आणि मगच तळाची बंद करायची, ही शिस्त आहे. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण पायलट आल्यावर धावपळीत केले तर नेमके त्याच वेळी गोंधळ होतो.

बर्फाळ समुद्रात आणखी एक अडचण असते. बर्फाचा भुगा पेटीत जमून तोंड बंद करतो. त्यासाठी कूलरमधून बाहेर पडणारे कोमट पाणी पुन्हा सी चेस्टमध्ये सोडण्याची सोय केलेली असते, आणि फिनलंड व स्वीडन यांच्या हिमवर्ग नियमांत दर ७५० किलोवॅट इंजिनशक्तीमागे पेटीचे आकारमान सुमारे एक घनमीटर असावे असे मार्गदर्शन आहे, जेणेकरून बर्फ वर तरंगून राहील आणि खालून पाणी मिळत राहील. आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव पहिल्या काही वर्षांत येत नाही.

गेज काय सांगते

पाणी कमी येऊ लागले हे कळण्यासाठी पंपाचे सक्शन गेज (पाणी ओढण्याच्या बाजूचा दाब दाखवणारे) आणि डिस्चार्ज गेज (पाणी पुढे ढकलण्याच्या बाजूचे) पुरेसे असतात, मात्र त्यांचे रोजचे, सगळे ठीक असतानाचे आकडे वहीत लिहिलेले असले पाहिजेत. पंप पाण्याच्या पातळीखाली असल्याने स्ट्रेनर स्वच्छ असताना सक्शन गेजचा काटा शून्याच्या थोडा वर असतो. स्ट्रेनर भरू लागला की तो शून्यावर येतो आणि पुढे निर्वाताच्या बाजूला झुकतो. त्याबरोबर डिस्चार्जचा दाबही उतरतो आणि मोटरचा अँपिअरही कमी होतो. सक्शन ठीक, डिस्चार्जचा दाब नेहमीपेक्षा जास्त, आणि तरी कूलर गरम, असे असेल तर अडथळा पंपाच्या पुढे, म्हणजे बहुधा कूलरमध्ये आहे. सक्शन ठीक आणि डिस्चार्ज मात्र महिनोन्महिने हळूहळू उतरत चालला असेल, तर पंपाच्या आतली वेअर रिंग झिजली आहे आणि पाणी आतल्या आत परत फिरते आहे. काटा सारखा थरथरत असेल तर पंप हवा ओढतो आहे. नवख्या इंजिनिअरची ओढ अशी असते, की तापमान वाढले की पहिल्यांदा स्ट्रेनर उघडावा. अनेकदा ते बरोबर ठरते, परंतु गेज न वाचता उघडलेला स्ट्रेनर स्वच्छ निघाला, तर विनाकारण जोखीम पत्करलेली असते आणि खरा दोष तसाच राहतो.

प्लास्टिकची मोठी पिशवी सी चेस्टच्या जाळीवर बाहेरून चिकटली, तर स्ट्रेनर साफ करून काही उपयोग होत नाही. अशा वेळी दुसऱ्या सी चेस्टवर जाऊन पहिलीचा व्हॉल्व्ह बंद करावा; ओढ थांबली की पिशवी पुष्कळदा आपोआप सुटते. नाही सुटली, तर पेटीला जोडलेल्या नळीतून दाबाची हवा सोडून ती बाहेर ढकलतात. जेलीफिशच्या थव्याचे मात्र असे होत नाही. त्या मऊ असल्यामुळे जाळीतून ओढल्या जातात आणि स्ट्रेनरमध्ये लगद्यासारख्या बसतात. २००६ च्या जानेवारीत ब्रिस्बेनमध्ये अमेरिकेच्या 'यूएसएस रोनाल्ड रेगन' या विमानवाहू नौकेच्या कंडेन्सरमध्ये जेलीफिश शिरल्या होत्या. इतक्या मोठ्या नौकेची ही कथा, तर साध्या मालवाहू जहाजाचे काय सांगावे.

स्ट्रेनर उघडणे

या विषयातला सर्वांत धोक्याचा भाग हाच आहे. स्ट्रेनर उघडताना इंजिन रूम आणि समुद्र यांच्यामध्ये एकच गोष्ट उभी असते, आणि ती म्हणजे कवचावरचा तो पहिला व्हॉल्व्ह. तो बंद केला आहे, एवढे पुरेसे नाही. तो खरोखर बंद झाला आहे, हे सिद्ध करावे लागते. चाक फिरवताना ते अडले म्हणजे व्हॉल्व्ह बसला, असे मुळीच नाही. आतल्या, पाणी अडवणाऱ्या डिस्कच्या कडेवर शिंपले वाढले असतील, रबरी अस्तर सुटून मधे आले असेल, किंवा दांडा आणि डिस्क यांची पिनच तुटली असेल, तरीही चाक एका जागी अडते आणि बाहेरचा दर्शक 'बंद' दाखवतो.

म्हणून क्रम ठरलेला आहे. दुसरी सी चेस्ट आणि दुसरा स्ट्रेनर चालू करून दाब स्थिर झाल्याची खात्री करावी, इंजिन रूममध्ये काम सुरू होत असल्याचे चीफ इंजिनिअरला आणि ब्रिजला, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या वरच्या खोलीला, कळवावे. स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून त्यांवर 'उघडू नये' असा फलक लावावा. हवेवर किंवा हायड्रॉलिकवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा पुरवठाही तोडावा, नाही तर कंट्रोल रूममधून कुणी तरी बटण दाबते. मग झाकणावरचा हवेचा छोटा कॉक उघडावा आणि त्यानंतर तळाचा ड्रेन. पाणी सुरुवातीला जोराने येईल, मग मंदावेल आणि थांबेल. थांबले नाही, बोटाएवढी धार तशीच चालू राहिली, तर काम तिथेच सोडून द्यावे. ड्रेन बुजलेला असल्यानेही पाणी थांबल्यासारखे दिसते, म्हणून ड्रेनमध्ये तार घालून तो मोकळा असल्याचे पाहावे. त्यानंतर झाकणाचे नट सैल करावेत, काढू नयेत. सगळे नट दोन-तीन आटे सैल झाल्यावर झाकण बाजूने किंचित उचकटावे आणि कडेने पाणी येते का ते पाहावे. आले तर नट पुन्हा आवळता येतात. नट काढून बाजूला ठेवलेले असतील तर येत नाहीत.

ही सावधगिरी अतिरेकी वाटत असेल, तर साधा हिशेब करावा. पाण्याच्या पातळीखाली ६ मीटरवर ३०० मिलिमीटर व्यासाचे तोंड पूर्ण उघडे राहिले, तर सेकंदाला साडेचारशे लिटरच्या आसपास, म्हणजे ताशी १,६०० टनांहून अधिक पाणी आत येते. जहाजाच्या तळात साचलेले पाणी काढणारा नेहमीचा बिल्ज पंप ताशी दोन-अडीचशे घनमीटर उपसतो. अशा प्रसंगासाठी सोलास या आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारानुसार समुद्राच्या पाण्याच्या मोठ्या पंपाला इंजिन रूमच्या तळातून थेट पाणी ओढण्याची आणीबाणीची जोडणी असते. समुद्राकडचा व्हॉल्व्ह बंद करून तळाकडचा उघडला की पंप समुद्राऐवजी इंजिन रूममधले पाणी बाहेर फेकू लागतो. पण वर काढलेल्या आकड्यांशी ताडून पाहिले तर तोही पुरत नाही. त्याने फक्त वेळ मिळतो. तो आणीबाणीचा व्हॉल्व्ह महिनोन्महिने कुणी फिरवलेला नसतो, ही त्यातली आणखी एक अडचण. म्हणून ठरलेल्या दिवशी तो फिरवून, ग्रीस लावून, नोंद करून ठेवावी लागते.

आता टोपली. ती बाहेर काढल्यावर आतली घाण टाकून देण्याआधी एकदा नीट पाहावी. चिखल असेल तर सी चेस्ट बदलायला उशीर झाला. जिवंत शिंपले असतील तर वाढ स्ट्रेनरच्या आधी, पेटीत सुरू आहे. गंजाच्या पापुद्र्यांचे तुकडे असतील तर नळी आतून झडते आहे. जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ॲनोडचा, म्हणजे पोलादाऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेल्या ठोकळ्याचा, तुकडा सापडला, तर पेटीतला एखादा ॲनोड सुटला आहे. टोपलीच्या तळाला, जिथे ती बैठकीवर टेकते तिथे, भोक पडले आहे का हे पाहणे बहुतेक जण विसरतात. तिथून निसटलेला शिंपला थेट कूलरमध्ये जातो. टोपली बसवताना झाकणाचा ओ-रिंग किंवा गॅस्केट नवे घालावे, पहिला व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून भांड्यात पाणी भरू द्यावे, वरच्या कॉकमधून हवा जाऊन सलग पाणी येऊ लागले की तो बंद करावा, झाकणाची गळती पाहावी आणि मगच दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडावेत. हवा काढल्याशिवाय घाईने चालू केलेला स्ट्रेनर पंपाला हवा पाजतो, पंपाचा दाब कोसळतो आणि साफसफाईचा लाभ बाजूला राहून अलार्म वाजतात.

जिवंत पाहुणे

स्ट्रेनर चांगला असला तरी एक शत्रू त्यातून सहज पलीकडे जातो. बार्नेकल, शिंपले आणि इतर चिकटून राहणाऱ्या जीवांची पिल्ले मिलिमीटरच्या अंशाइतकी असतात. ती टोपलीच्या छिद्रांतून पार होतात, पलीकडे संथ पाण्याची जागा शोधून चिकटतात आणि तिथे मोठी होतात. त्यामुळे सर्वांत वाईट वाढ रोज वाहणाऱ्या मुख्य नळीत नसते. ती बंद ठेवलेल्या दुसऱ्या सी चेस्टमध्ये, जोडनळीच्या न वापरलेल्या टोकात आणि आणीबाणीच्या फायर पंपाच्या सक्शनमध्ये असते. म्हणजे अडचणीच्या वेळी ज्याच्याकडे धावत जायचे, तेच आधी बुजलेले असते. पंप आणि सी चेस्ट आलटून-पालटून वापरण्याचे खरे कारण हे आहे, आणि देखभालीच्या तक्त्यातील ही एक ओळ मला बाकीच्या पुष्कळ ओळींपेक्षा महत्त्वाची वाटते.

वाढ रोखण्यासाठी दोन पद्धती रूढ आहेत. एकीत स्ट्रेनरमध्ये किंवा सी चेस्टमध्ये तांब्याचा ॲनोड बसवून त्यातून अत्यल्प विद्युतप्रवाह सोडतात. पाण्यात तांब्याचे प्रमाण अब्जात दोन भाग एवढे झाले तरी पिल्ले चिकटायचे टाळतात. जोडीला पोलादी नळ्यांसाठी ॲल्युमिनियमचा आणि तांबे-निकेलच्या नळ्यांसाठी लोखंडाचा ॲनोड असतो, जो नळीच्या आत संरक्षक थर बसायला मदत करतो. दुसऱ्या पद्धतीत समुद्राच्या पाण्यातील मिठापासूनच विजेने हायपोक्लोराइट, म्हणजे पाणी शुद्ध करण्यासाठी वापरतात त्याच जातीचे क्लोरीनयुक्त द्रव्य, तयार केले जाते. नदीच्या गोड्या पाण्यात मीठच नसल्याने ही दुसरी पद्धत तिथे काम करत नाही. तांब्याच्या पद्धतीत चूक होते ती वेगळी: बंदरात पंप कमी चालतो म्हणून कुणी तरी पॅनेल बंद करून ठेवतो, आणि पिल्ले चिकटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती नेमकी त्याच संथ, कोमट पाण्यात. प्रवाह कमी करावा, शून्य करू नये. पॅनेलवर अँपिअरचा आकडा दिसतो म्हणजे तांबे झिजते आहे, असेही गृहीत धरू नये. तार कुठे तरी कवचाला टेकलेली असू शकते. ॲनोडची उरलेली लांबी ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडे उभे करण्याच्या गोदीत, मोजून मागच्या वेळच्या आकड्याशी ताडली तरच खरे काय ते कळते.

जहाज काही दिवस गोड्या पाण्याच्या नदीत राहिले तर खाऱ्या पाण्यातले जीव मरतात. हे बरे वाटते, पण मेलेल्या शिंपल्यांचे कवच नळीवरून सुटून पुढच्या प्रवासात स्ट्रेनरवर आणि कूलरच्या तोंडाशी जमते. नदीतून बाहेर पडल्यावर पहिल्या दिवसांत गेजवर जास्त लक्ष ठेवावे ते याचमुळे.

या जिवांचा प्रश्न एका जहाजापुरता नाही. सी चेस्टमध्ये बसून ते एका महासागरातून दुसऱ्यात जातात. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या नौका-बंदरात परदेशी काळ्या पट्ट्यांचे शिंपले आढळले, तेव्हा क्लोरीन आणि मोरचूद ओतून संपूर्ण बंदरातील ती जात नष्ट करावी लागली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०११ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या. न्यूझीलंडने २०१८ पासून येणाऱ्या जहाजांचा तळ स्वच्छ असणे बंधनकारक केले आहे. तिथे तपासनीस पाणबुड्याला सर्वांत आधी पाहायला सांगतो त्या जागांत सी चेस्टची जाळी असते.

गंज आणि धातू

प्लेट कूलरमध्ये टायटॅनियमचे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे पत्रे एकमेकांना लावून आवळलेले असतात आणि त्यांच्यातल्या अरुंद फटींतून एका बाजूने खारे, एका बाजूने गोडे पाणी वाहते. टायटॅनियमला समुद्राचे पाणी काहीच करत नाही. नळ्यांचे तसे नाही. तांबे-निकेलच्या नळीत पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे तीन मीटरच्या फार वर गेला, की आतला संरक्षक थर धुऊन निघतो. सेकंदाला एक मीटरच्या खाली गेला, की गाळ आणि जीव बसतात. त्यामुळे व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवून पाणी कमी करण्याची सवय महागात पडते: त्या व्हॉल्व्हच्या लगेच पुढचा तुकडा आणि त्यानंतरचा पहिला बेंड सर्वांत आधी फुटतो. तिथे अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजून ठेवावी. बारीक भोकावर क्लॅम्प आणि रबराची पट्टी लावणे हे पुढच्या बंदरापर्यंत जाण्याचे साधन आहे, दुरुस्ती नव्हे. आणि असे भोक कवच व पहिला व्हॉल्व्ह यांच्या मधल्या तुकड्यावर पडले, तर ते लगेच वर्गीकरण संस्थेला कळवावे लागते, कारण तिथे बंद करायला काहीच नसते.

फाउंड्रीतील वाचकांसाठी येथे थोडे थांबणे योग्य होईल. १९६६ च्या आंतरराष्ट्रीय लोडलाइन करारानुसार जहाजाच्या कवचावरचे असे व्हॉल्व्ह पोलादाचे, ब्राँझचे किंवा मान्यताप्राप्त लवचीक धातूचे असावे लागतात. साध्या बिडाचे चालत नाहीत. साध्या बिडातले, म्हणजे ग्रे आयर्नमधले, ग्राफाइट पातळ पाकळ्यांच्या रूपात असते, त्यामुळे धक्का बसला की ते वाकण्याऐवजी तडकते. एसजी आयर्नमध्ये मॅग्नेशियमच्या प्रक्रियेने तेच ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात येते आणि धातू काहीसा ताणला जाऊ शकतो. तरीही कवचावर वापरायचे तर वर्गीकरण संस्थेची संमती आणि चाचणीचे दाखले लागतात. ग्रे आयर्नचा दुसरा दोष अधिक फसवा आहे. खाऱ्या पाण्यात त्यातले लोखंड हळूहळू विरघळून जाते आणि ग्राफाइटचा सांगाडा जागच्या जागी राहतो. वरून पाहिले तर व्हॉल्व्हचा आकार, अक्षरे, बोल्टची भोके सगळे जसेच्या तसे. चाकूने खरवडले तर शिसपेन्सिलीसारखा काळा, मऊ पदार्थ निघतो. अशा बॉडीवर फिटरने पाना जरा जोरात लावला, तर ती हातात येते. सर्टिफिकेट नसलेला, दिसायला सारखा आणि किमतीला निम्मा असा बिडाचा व्हॉल्व्ह कुठल्याशा बंदरातल्या दुकानातून घेऊन बसवण्याचा मोह खरेदी करणाऱ्याला होतो, आणि हा पैसा वाचवण्याचा सर्वांत वाईट मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ड्राय डॉक

पाच वर्षांत दोनदा जहाजाच्या तळाची तपासणी होते आणि त्यांपैकी ड्राय डॉकच्या वेळी ही सगळी व्यवस्था बाहेरून हाताला लागते. सी चेस्टच्या जाळ्या काढायच्या, आत शिरून वाढ खरवडायची, पत्र्याची जाडी मोजायची, कवचावरचे व्हॉल्व्ह पूर्ण खोलून डिस्क आणि बैठक घासून एकमेकांशी बसवायची, डिस्कला खुणेचा निळा रंग लावून बैठकीवर सलग वर्तुळ उमटते का ते वर्गीकरण संस्थेच्या सर्व्हेअरला दाखवायचे. झिजलेले ॲनोड बदलायचे. यात रंगाऱ्यांवर बारीक नजर ठेवावी लागते. घाईत ते नव्या ॲनोडवरही रंग फिरवतात, आणि रंगवलेला ॲनोड म्हणजे बसवलाच नाही असे समजावे. जाळीच्या भोकांत तर दर डॉकिंगला रंगाचा एकेक थर वाढत जाऊन मोकळी जागा कमी होते. जाळीचे बोल्ट तारेने बांधल्याशिवाय किंवा वेल्ड करून अडकवल्याशिवाय कामावर सही करू नये.

डॉकमध्ये पाणी सोडण्याच्या आदल्या दिवशी व्हॉल्व्हची यादी हातात घेऊन प्रत्येकाजवळ स्वतः जावे, कारण सुटा केलेला एखादा व्हॉल्व्ह वर्कशॉपमध्येच राहून गेल्याचे प्रकार घडतात. पाणी सी चेस्टच्या वर चढले, पण जहाज अजून डॉकमधल्या आधाराच्या ब्लॉकवरून उचलले गेलेले नाही, अशा पातळीला डॉकमास्टरला भरणे थांबवायला सांगतात. एकेका व्हॉल्व्हजवळ टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या माणसाने गळती नाही असे वॉकी-टॉकीवर कळवले, की मुख्य व्हॉल्व्ह उघडून स्ट्रेनर आणि पंपांमधली हवा काढायची, एक पंप चालवून दाब आणि ओव्हरबोर्डचा प्रवाह पाहायचा. कुठे गळती निघाली तर डॉकमधले पाणी पुन्हा उपसावे लागते, एक दिवस जातो आणि त्याचे भाडे भरावे लागते. तरी चीफ इंजिनिअरने होकार दिल्याशिवाय डॉकमास्टरने पुढे पाणी सोडू नये, हे भरणे सुरू होण्याआधीच दोघांमध्ये बोलून ठेवावे.